मॉल वजा करून भाव

*सई:* मंडळी, एक मत हवंय. काल दक्षिण लंडनमधल्या ईस्ट क्रॉयडन स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर एक फ्लॅट बघून आलो. बारावा मजला, दोन बेडरूम, उजेड भरपूर. एजंट म्हणतो आत्ताच घ्या, वेस्टफील्ड आलं की भाव हाताला लागणार नाही. अमेयला पटलंय. मला पटतही नाही आणि सोडवतही नाही.

*शुभा आत्या:* वेस्टफील्ड म्हणजे काय गं? शाळा का?

*सई:* मॉल, आत्या. लंडनमध्ये दोन आहेत, शेफर्ड्स बुश आणि स्ट्रॅटफर्डला. क्रॉयडनला तिसरा व्हायचाय.

*मंदारदादा:* अजून व्हायचाय?? अगं, २०१३ ला जाहीर झाला तेव्हा मी तिथे राहत होतो. माझ्या एजंटनेही हेच वाक्य टाकलं होतं. तेव्हा २०१७ ला उघडणार होता.

*ओंकार:* वाक्य पिढीजात दिसतंय

*आई:* सई, आधी जेवलीस का? तिकडे दुपारचे दोन वाजून गेले असतील.

*सई:* जेवले गं.

*नानाकाका:* वाचतोय. घाई करू नका. मला चार गोष्टी सांग. जागा कुणाची? सध्या तिथे काय उभं आहे? पालिकेने स्वतःचे पैसे घातलेत का? आणि इतकी वर्षं अडलंय ते कुठे?

*शुभा आत्या:* झालं. बँक उघडली.

*सई:* 😀 सांगते. नॉर्थ एंड म्हणून तिथला मुख्य बाजाराचा रस्ता, गाड्या बंद, फक्त पायी. त्याला लागून व्हिटगिफ्ट सेंटर, १९७० च्या सुमाराचं. जमीन एका जुन्या धर्मादाय संस्थेची आहे, संस्था मूळ १५९६ ची. ते सेंटर पाडून वेस्टफील्ड आणि हॅमरसन या दोन कंपन्या मिळून १४० कोटी पौंडांचा मॉल बांधणार होत्या. पालिका पूर्ण पाठीशी होती, गाळेवाल्यांच्या जागा सक्तीने घ्यायलाही २०१५ ला मंजुरी मिळाली. मग ऑनलाइन खरेदी वाढली, मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स एकेक करून बसली, २०१८ ला वेस्टफील्डच दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, वर कोविड. हॅमरसन २०२३ ला बाहेर पडली. आता एकटी उरलेली कंपनी नवा आराखडा करतेय, त्यात घरांवर भर आहे.

*नानाकाका:* म्हणजे मॉलसुद्धा तोच राहिला नाही. एजंट जुनाच चहा गरम करून देतोय.

*मंदारदादा:* ॲल्डर्स आठवतं मला. आपल्याकडच्या कुठल्याही दुकानात मावणार नाही असं प्रचंड स्टोअर, १८६२ पासूनचं. मी असतानाच बंद पडलं. शेवटच्या सेलमध्ये मी एक कढई आणली होती. अजून आहे, तिच्यात रोज पोहे होतात.

*शुभा आत्या:* ती काळी? चांगली आहे हो ती.

*नानाकाका:* आता आतून बघितलंस का सई ते सेंटर? किती गाळे चालू आहेत?

*सई:* मुद्दाम फेरी मारली काल. मोजले नाहीत, पण शटर ओढलेली बरीच. जी चालू आहेत ती फोन दुरुस्ती, सुटकेसा, एक पौंडवाली. एका मोबाइल कव्हरवाल्याला विचारलं तर म्हणाला, लांबची लीज कुणाला मिळतच नाही, उद्या पाडायचं म्हटल्यावर देणार कोण. त्याने दुकानात नुसती दोन टेबलं आणि एक ट्यूब लावलीय. म्हणाला, यापेक्षा जास्त खर्च करून मी काय करू?

*नानाकाका:* हे महत्त्वाचं बोललीस. आमच्या बिल्डिंगची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. पुनर्विकासाचा ठराव झाला त्या वर्षी गच्चीला वॉटरप्रूफिंग करायचं होतं. सभेत कुणीतरी म्हणालं, पाडायचीच आहे तर पैसे कशाला घालवायचे? टाळ्या. मग रंग नाही, पंप बदलला नाही, जिन्याची ग्रिल गंजली तशीच. बिल्डर आलाच नाही. सात पावसाळे तिसऱ्या मजल्यावर बादल्या लावल्या. बिल्डिंग म्हातारी झाली ती वयाने नाही, "पाडायचीच आहे" या तीन शब्दांनी.

*ओंकार:* दोन शब्द आहेत नाना

*नानाकाका:* दोन. धन्यवाद. तर तुझ्या त्या बाजारालाही तेच झालं असणार. दहा-बारा वर्षं "पाडायचंच आहे". कव्हरवाला ट्यूबच्या वर खर्च करत नाही, म्हणून गिऱ्हाईक येत नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून शेजारचा शटर ओढतो. आणि मग लोक म्हणतात, बघा, हा बाजार मेलेलाच होता, पाडा.

*आई:* बापरे. आपल्या स्टेशनबाहेरच्या मार्केटचं पण असंच होणार बहुतेक. तिथे पण आराखडा आलाय ना?

*शुभा आत्या:* आराखडा दर निवडणुकीला येतो.

*मंदारदादा:* पालिकेच्या पैशांचं सांग नानांना सई. तो खरा पिक्चर आहे.

*सई:* हो. नानाकाका, घट्ट बसा. पालिकेने स्वतःची घरबांधणी कंपनी काढली, तिला कर्जं दिली. फेअरफील्ड हॉल्स म्हणून १९६२ चं नाट्यगृह आहे, त्याच्या नूतनीकरणाचा अंदाज ३ कोटी पौंड, खर्च गेला पावणेसात कोटींवर. नोव्हेंबर २०२० मध्ये पालिकेने कलम ११४ ची नोटीस काढली. म्हणजे तिजोरी संपली, कायद्याने करावंच लागतं तेवढं सोडून नवा खर्च बंद. २०२२ ला पुन्हा तीच नोटीस. आणि २०२३ ला काउन्सिल टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टी, एकदम १५ टक्के वाढवला. एरवी लोकांचं मतदान न घेता पाचच्या आतच वाढवता येत होता, यांनी सरकारकडून खास परवानगी घेतली.

*नानाकाका:* १५?

*सई:* १५.

*नानाकाका:* मग एजंटने सांगितलेल्या भावात मॉल आहे, पण हा टॅक्स नाही. वहीत दोन्ही बाजू लिहायच्या असतात.

*मंदारदादा:* आता माझी बाजू. क्रॉयडनला उगाच बदनाम करू नका. गावाचा जीव मॉलमध्ये कधीच नव्हता, स्टेशनात आहे. लंडन ब्रिजला पंधरा-वीस मिनिटं. विंबल्डनला ट्राम, २००० पासून. हे कुठल्या कंपनीच्या मर्जीवर नाही. आणि आपल्या लोकांना क्रॉयडन माहीत आहे ते लूनर हाउसमुळे. व्हिसाच्या कामाला मी पहाटे पाचला तिथे रांगेत उभा होतो, थर्मासमध्ये चहा आणि खिशात आईने दिलेले बेसनाचे लाडू. पुढे दोन नाशिकची मुलं निघाली. लाडू तिथेच संपले.

*शुभा आत्या:* लाडू मी दिले होते. तुझ्या आईने चिवडा दिला होता.

*मंदारदादा:* सॉरी आत्या. रेकॉर्ड दुरुस्त केला.

*आई:* भाजी-बिजी कुठे मिळते सई? मॉल राहू दे.

*सई:* आई, हे तर सांगायचंच राहिलं! व्हिटगिफ्ट सेंटरपासून पाच मिनिटांवर सरी स्ट्रीट आहे. रस्त्यावरचा बाजार. १२७६ च्या सनदेपासून चालू आहे म्हणतात. भाजी किलोवर नाही, बाउलवर. एक बाउल एक पौंड, उचलायचा आणि पिशवीत ओतायचा.

*शुभा आत्या:* म्हणजे वाटा!

*सई:* अगदी वाटा. बाई ओरडत होती तो सूरसुद्धा आपल्या मंडईतला. मला भेंडी मिळाली, कोथिंबिरीची जुडी मिळाली, मिरच्या मिळाल्या. संध्याकाळी उशिरा गेलं की दोन बाउल दीड पौंडात देतात.

*नानाकाका:* साडेसातशे वर्षं. त्याला कुणी "पाडायचंच आहे" म्हटलं नाही म्हणून टिकला.

*सई:* म्हटलं होतं की, बाजाराला नाही, शेजारच्याला. नॉर्थ एंडच्या कोपऱ्यावर त्याच संस्थेची म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली जुनी घरं आहेत. रस्तारुंदीसाठी ती पाडायचं चाललं होतं. १९२३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने अडवलं. आज सगळ्या काचेच्या इमारतींच्या मधोमध ती विटांची घरं बसलीत. अमेयने तिथे उभं राहून फोटो काढला, मॉलचा नाही.

*ओंकार:* ताई, मग फायनल काय? घे म्हणायचं का नको?

*नानाकाका:* मी सांगतो माझा हिशेब, निर्णय तुमचा. समजायचं की मॉल कधीच येणार नाही. स्टेशन, ट्राम, तो भाजीबाजार आणि वाढलेला टॅक्स एवढंच धरायचं. तो फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असणार, तर लीजची किती वर्षं उरलीत आणि सर्व्हिस चार्ज गेली तीन वर्षं कसा वाढला ते कागदावर मागायचं. एवढ्यावर जो आकडा येईल, तो बोलायचा. मॉल आला तर तुमचं नशीब. नाही आला तर तुम्ही त्याचे पैसे दिलेच नव्हते.

*आई:* दादा, तुम्ही रिटायर का झालात?

*नानाकाका:* साठ झाली म्हणून.

*सई:* 🙏 अमेयला दाखवते हे.

_(शनिवार)_

*सई:* अपडेट. सर्व्हिस चार्जचा कागद मागितला तर एजंट म्हणाला सोमवारी देतो. ऑफर टाकली, मागितल्यापेक्षा बरीच खाली. तो म्हणाला, वेस्टफील्डचा विचार केलात का? अमेय म्हणाला, बारा वर्षं आमच्या घरातले लोक तोच करतायत.

*मंदारदादा:* 😂😂 शाबास जावईबापू

*सई:* आणि येताना सरी स्ट्रीट. फोटो टाकतेय.

*शुभा आत्या:* भेंडी मोडून बघितलीस का? शेंडा कट्कन मोडला पाहिजे. फोटोत जून दिसतेय.