जुनी मॅन्युअल टेली लेन्स आणि पक्ष्यांचे फोटो : जमतं की नुसता हट्ट?

नदीकाठ
परवा एका मित्राशी वाद झाला. तो म्हणे आजच्या काळात ऑटोफोकसशिवाय वाइल्डलाइफ करणं म्हणजे नुसता हट्ट. मला ते अजिबात पटलं नाही म्हणून इथे लिहितोय.

माझ्याकडे निकॉनची निकॉर ही जुनी टेली, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स आहे, ३०० एमएम एफ/४.५, एआय माउंटची (निकॉनची जुनी जोडणी), सगळं हाताने फिरवायचं. अ‍ॅडॉप्टर लावून क्रॉप (लहान) सेन्सरच्या मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर वापरतो, म्हणजे ४५० सारखी रीच मिळते. पुण्याजवळ कवडीपाटला पहाटे जाऊन बसतो. आता वेडा राघू घ्या, हा पक्षी ठरलेल्या काटकीवरून उडतो, हवेत माशी नाहीतर चतुर पकडतो आणि बऱ्याचदा त्याच काटकीवर परत येऊन ती शिकार आपटून आपटून खातो. मग मी काटकीवरच फोकस लावून ठेवतो, शटर १/२००० सेकंद आणि थांबतो. पक्षी कुठे येणार हे आपल्याला आधी कळत असेल तर कॅमेऱ्याला कळायची गरज काय? आधी पक्षी बघा, मग लेन्स बघा, एवढंच माझं म्हणणं.

ताडोबावेडा
एका वेड्या राघूवरून सगळ्या वाइल्डलाइफचा निकाल लावू नका राव. वाघ काय ठरलेल्या काटकीवर येऊन बसतो का? मी जुनी ४०० घेऊन ताडोबाला गेलो होतो. वाघीण रस्त्यावर सरळ आमच्याकडे चालत येत होती, ड्रायव्हर जिप्सी मागे घेतोय, बाकीच्या गाड्या हलतायत, धूळ, आणि तिच्या दर पावलाला फोकस बदलतोय. ६० फोटोंमध्ये डोळे शार्प आले फक्त २ मध्ये. फोकस पीकिंगचा (शार्प कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) लाल रंग गवतावर नाहीतर मिशांवर चढतो आणि आपल्याला वाटतं जमलं. सफारी, गाइड, राहणं एवढा खर्च करून गेलेला माणूस लेन्सवर पैसे वाचवतो हे गणितच चुकीचं आहे. आज कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो, तो फायदा का सोडायचा?

नदीकाठ
पीकिंगबद्दल एकदम मान्य, मीही ते बंद ठेवतो. काटकी स्क्रीनवर मोठी करून बघायची आणि मगच फोकस तसाच सोडायचा. ३०० वर एफ/४.५ ला ५ मीटरवर शार्प पट्टा जेमतेम ५ सेंटीमीटरचा मिळतो, त्यात पीकिंगवर भरवसा ठेवून चालत नाही. आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी सावरणारी सोय) असेल तर मेनूत फोकल लेंथ ३०० हाताने भरा, जुनी लेन्स कॅमेऱ्याला स्वतःची काही माहिती देत नाही.

चालत येणाऱ्या वाघिणीला ही लेन्स कमी पडते, ते मी नाकारत नाही. पण आपल्यातले किती जण वर्षातून एकदा तरी ताडोबाला जातात? नदीवर दर रविवारी जाता येतं.

कोकणी_माणूस
लेन्स घेण्याआधी एक गोष्ट करा, आतून टॉर्च मारून बघा. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने हवा नुसती ओली, कपाटात ठेवलेल्या जुन्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते, आणि ती काचेवरचं कोटिंग (लेप) खाऊन गेली असेल तर साफ करूनही डाग राहतो. माझी स्वस्तात घेतलेली एक अशीच गेली. सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचा डबा नसेल तर या नादाला लागू नका.

आणि कॅननच्या जुन्या एफडी लेन्स घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यांचं माउंट (लेन्स बसते ती जागा) ते फिल्मचं अंतर ४२ मिमी आणि कॅननच्याच आरसावाल्या ईओएस डीएसएलआरचं ४४, त्यामुळे मध्ये काच असलेला अ‍ॅडॉप्टर नसेल तर लांबचा फोकसच लागत नाही. मिररलेसला ते अंतर २० मिमीच्या आसपास असतं म्हणून तिथे साधी रिकामी नळी चालते. या लेन्स परत बाजारात आल्या त्या मिररलेसमुळेच.

माळरान
सगळे शार्पनेसवर भांडताय, मला त्या ५ मीटरची काळजी वाटते. मुठीएवढा पक्षी ३०० मध्ये भरायचा तर ५-६ मीटरवर जावंच लागतं, ६०० वाला माणूस दुप्पट लांब थांबतो. म्हणजे आपण पैसे वाचवले त्याची किंमत पक्षी देणार? उघड्या माळावर टिटवीची अंडी असतात, माणूस जवळ आला की ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात. लोक तेच फोटो टाकतात आणि लाइक घेतात. लांबूनच काढायचाय आणि पैसे कमी आहेत तर जुनी ५०० एफ/८ ची मिरर लेन्स (आत आरसे असलेली) घ्या, मागच्या धूसर भागात गोल चकत्या येतात त्या येऊ द्या.

ताडोबावेडा
एफ/८ वर उजेड कमीच आत येतो, पहाटे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) किती चढवणार? जंगलात ते चालणारच नाही. पण अंतराचा मुद्दा मलाही पटतो, नदीकाठ यांनी याचं उत्तर द्यावं.

नदीकाठ
देतो. मी पक्ष्याजवळ जात नाही. उजाडायच्या आत जाऊन बसतो, अंगावर मळकट चादर, आणि नंतर तो स्वतः येतो, नाही आला तर नाही, असे कित्येक रविवार कोरे गेलेत. जो उठून पुढे सरकतो त्याच्या हातात ३०० देऊ नये हे माळरान यांचं म्हणणं मला मान्य आहे, मी आधी लिहिताना हे सांगायला हवं होतं. वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो, म्हणून मार्च ते जून मी त्या काटकीकडे फिरकतसुद्धा नाही. ती जागा नेमकी कुठे आहे हे तीन जणांनी मेसेजमध्ये विचारलंय, ते मी सांगणार नाही.