मदत हवी आहे: स्क्रीम केलं की दहा मिनिटांत आवाज बसतो

तुटकी_तार (धागाकर्ता)
थेट मुद्द्यावर येतो. स्क्रीम (मेटल गाण्यातली खरखरीत किंकाळी) करायला लागलं की दहा मिनिटांत आवाज बसतो. व्हिडिओ ढिगानं पाहून झालेत, जो तो 'पोटातून काढा' एवढंच सांगतो. पोटातूनच काढतोय. आधी गळा गरम करतो, पाणी भरपूर पितो. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलाय. नेमकं काय चुकतंय? 'गुरू करा' आणि 'मेटल सोडा' हे दोन सल्ले नकोत.

करकर
कुठलं स्क्रीम? फ्राय (तंतूंच्या हलक्या करकरीवर उभं राहणारं) की फॉल्स कॉर्ड (खोट्या स्वरतंतूंतून येणारं)? दोन्हींत चुकायच्या जागा वेगळ्या. आणि त्रास नेमका कुठे होतो तेही लिहा. कंठमण्याच्या आत जळजळ होत असेल तर खरे स्वरतंतू एकमेकांवर आपटताहेत. जबड्याखाली आणि मानेच्या बाजूला दुखत असेल तर जिभेचं मूळ आवळलं जातंय. नुसती खाज सुटून खोकला येत असेल तर हवा फार सोडताय. तिन्हींवर उपाय वेगळे.

मंद्रषड्ज
पाया कच्चा आहे. सहा महिने पहाटे खर्ज लावा, गळा आपोआप तयार होईल. हल्ली सगळ्यांना शेवटची पायरी आधी हवी असते.

तुटकी_तार
@मंद्रषड्ज तीन आठवडे म्हटलंय, सहा महिने नाही.
@करकर बहुतेक फॉल्स कॉर्ड. पूर्ण जोर लावून ओरडलं की येतो तो आवाज. दुखत वगैरे नाही.

करकर
'पूर्ण जोर लावून ओरडलं की येतो' इथेच घोळ आहे. तसं ओरडल्यावर जी खरखर येते ती खऱ्या स्वरतंतूंची. ४४० हर्ट्झचा सूर म्हणजे सेकंदाला ४४० टकरा, त्यात वरून जोर. दहा मिनिटांत सूज येणारच.

खऱ्या तंतूंच्या जरा वर दोन जाड घड्या असतात, ते खोटे स्वरतंतू. गिळताना, जड काही उचलताना त्या आपसूक जवळ येतात. खरखर तिथे व्हायला हवी. असं करा:

आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडून निःशब्द 'हाऽ' सोडा. सुराचा पत्ता नको, फक्त हवा. तोच श्वास चालू असताना जड कपाट ढकलताना कण्हतो तेवढाच घसा आतून जवळ आणा. खालून घरघर सुरू होईल. चार-पाच सेकंद धरा, सोडा, मध्ये दोन साधे श्वास घ्या. आवाज बोलण्याइतकाच हवा. शेजारच्या खोलीत ऐकू गेला तर जास्त झाला. पाच वेळा झालं की हलका, उंच 'ऊ' लावून बघा. तो लगेच आणि स्वच्छ लागला तरच पुढची पाच.

घरघर स्थिर झाल्याशिवाय जोर वाढवायचा नाही. बहुतेक जण इथे चुकतात. घरघर तुटली की हवा वाढवतात, जास्त हवेनं त्या घड्या बाजूला फेकल्या जातात आणि मग भरपाई म्हणून खालचे तंतू आवळतात. तुटली तर हवा कमी करायची, वाढवायची नाही. आवाज खोल की उंच हे तोंडाच्या आकारावर सोडा. ओठ गोल केले की खोल ऐकू येतो, 'ई'सारखं तोंड केलं की उंच. त्यासाठी गळ्याला हात लावायची गरज नाही.

सुरुवातीला दिवसाला एकूण पंधरा मिनिटं, तीही पाच-पाचच्या तुकड्यांत.

निवांत
पहिलं म्हणजे आता आठवडाभर फक्त कुजबुजत बोला. आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार वेळा. तंतूंवरची सूज उतरते.

स्वरोपचार
@निवांत दोन्ही नको. कुजबुजताना बरेच जण गळा उलट जास्त आवळतात, त्यापेक्षा हळू पण साध्या आवाजात थोडकं बोललेलं बरं. गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, पोचलं तर जीव जाईस्तोवर ठसका लागेल. प्यायलेलं पाणीही अन्ननलिकेतून जातं. त्याचा ओलावा तंतूंना काही तासांनी, रक्तामार्फत मिळतो. म्हणून तालमीच्या दोन मिनिटं आधी घटाघटा बाटली रिकामी करून काही होत नाही. थेट पोचते ती वाफ. ती घ्यायला हरकत नाही.

धागाकर्ते, तालीम नसते तेव्हा बोलण्याचा आवाज कसा असतो?

निवांत
गुळण्यांनी आराम पडतो हे सगळ्यांना माहीत आहे. उगाच शास्त्र पाजळू नका.

स्वरोपचार
घशाला आराम पडतो. स्वरतंतू घशाच्या खाली, श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात.

ध्वनिफीत
रेकॉर्डिंगसाठी सांगतो. ८० ते १०० हर्ट्झखालचं सगळं कापा, कंप्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारा) ४:१ वर, अटॅक जलद, म्हणजे तो लगेच पकडेल असा. त्यावर हलकं सॅच्युरेशन, म्हणजे जराशी मुद्दाम आणलेली खरखर. बोलण्याच्या पातळीवरची घरघर अशी अंगावर येते की ऐकणाऱ्याला वाटेल गायक रक्त ओकतोय.

तुटकी_तार
रेकॉर्डिंग विचारलेलंच नाही. तालमीत तर माईकही नसतो, ड्रमच्या वरून ऐकू जायला हवं म्हणून तर जोर लावतो.

ध्वनिफीत
मग हे आधी का नाही लिहिलं! ड्रमसेटशी उघड्या गळ्यानं स्पर्धा कोण जिंकलाय? गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. १९११ साली त्या नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं नोंदवलेला आहे. तुम्ही ठरवून हळू गायलात तरी चौथ्या ओळीला ओरडत असणार.

तालमीत माईक आणि तुमच्या दिशेनं तोंड केलेला एक स्पीकर लावा. एका कानात इअरप्लग घाला, स्वतःचा आवाज हाडांतून मोठा ऐकू येतो. माईक तोंडापासून दोन ते पाच सेंटिमीटरवर. आणि व्हिडिओत दिसतं तशी जाळी मुठीत धरू नका. मागून-बाजूनं येणारा आवाज टाळण्याची माईकची सोय जाळीमागच्या मोकळ्या जागेवर चालते. ती झाकली की माईक चहूकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी वाजते. मग ध्वनी सांभाळणारा तुमचाच आवाज खाली करतो आणि तुम्ही आणखी ओरडता.

मंद्रषड्ज
म्हणजे यंत्राशिवाय ऐकूच न जाणारा आवाज. याला गाणं म्हणायचं?

करकर
@मंद्रषड्ज रशियातल्या तुवा प्रांतातले कारगिरा (खोल, घोगऱ्या आवाजाची गायकी) गाणारे खोट्या स्वरतंतूंच्या मदतीनंच गातात. त्यांचे वरचे तंतू खालच्यांच्या निम्म्या गतीनं कंप पावतात, म्हणून सूर बरोबर एक सप्तक खाली ऐकू येतो. तेही गाणं नाही का?

मंद्रषड्ज
ते मान्य. पण तेही खालच्या सुरापासूनच सुरू करतात. म्हणजे माझंच म्हणणं.

करकर
खर्जाला विरोध नाही. स्वरयंत्र हनुवटी दाबून खाली ढकलत, मुद्दाम जाड करून लावलेल्या खर्जाला आहे. तेही दडपणच. आणि शुद्ध खर्जानं सूर स्थिर होतो, खरखर वेगळी करायला शिकवत नाही.

सहजच
अवांतर: बधिर करणारे स्प्रे मिळतात ते कसे असतात? तासभर काही जाणवत नाही म्हणे.

तुटकी_तार
@सहजच चांगले असतात. तालमीआधी दोनदा मारतो.
@स्वरोपचार सकाळी थोडा घोगरा असतो, दुपारपर्यंत सुटतो.

स्वरोपचार
थांबा. 'दुखत नाही' असं वर लिहिलंत ते स्प्रे मारून?

तुटकी_तार
हो. पण त्यानं बसायचा तो बसतोच ना. मुद्दा तो नाही.

स्वरोपचार
मुद्दा तोच आहे. करकर यांनी विचारलेल्या तिन्ही खुणा तुम्ही औषधानं पुसून टाकल्यात. हा घोगरेपणा कधीपासून आहे?

तुटकी_तार
दीडेक महिना. सर्दी नव्हती. त्याचा स्क्रीमशी काय संबंध, बोलतानाचं सांगतोय.

करकर
माझा वरचा प्रतिसाद आत्ता बाजूला ठेवा. यावर सराव नको.

स्वरोपचार
घरी करून बघा: 'स' एका श्वासात किती सेकंद धरता येतो ते मोजा, मग 'झाड'मधला 'झ'. प्रत्येक तीनदा करा, सर्वांत लांबचा धरा. निरोगी गळ्यात दोन्ही जवळपास सारखे येतात. 'स' २० आणि 'झ' १४ च्याही आत असेल तर तंतू नीट मिटत नाहीयेत, अशी शंका घ्यायला जागा आहे. दुसरं, अगदी हळू आवाजात, उंच पट्टीत तुटक 'ऊ, ऊ, ऊ'. सुराआधी हवेचा फुसका येत असेल तर सूज आहे. स्प्रे न मारता करा.

दोन्ही ठीक आले तरी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि दुर्बिणीतून तंतू बघून घ्या, जमल्यास स्ट्रोबोस्कोपीसह (लुकलुकत्या प्रकाशात तंतूंचं कंपन संथ झाल्यासारखं दिसतं ती तपासणी). नुसतं तोंड उघडून टॉर्चनं स्वरतंतू दिसत नाहीत. सर्दीशिवाय इतके दिवस टिकलेला घोगरेपणा तालमीनं सुटत नसतो. गाठी असतील तर त्या बहुधा दोन्ही तंतूंवर समोरासमोर असतात, पुढचा एक-तृतीयांश भाग संपतो तिथे, कारण टक्कर तिथेच सर्वांत जोरात बसते. बहुतेकदा आवाजाच्या उपचारानं, म्हणजे तज्ज्ञाकडून शिकलेल्या व्यायामांनी आटोक्यात येतात, शस्त्रक्रिया लागतेच असं नाही.

तोवर स्प्रे बंद, स्क्रीम बंद, खाकरणं बंद. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी गिळा. ग्लासातल्या पाण्यात नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा, खालून वर सरकत, तीन मिनिटं, दिवसातून चार वेळा. पाण्याच्या उलट दाबामुळे तंतू कमी जोरानं आपटतात. गाता गाता आवाज एकदम गेला तर ताबडतोब पूर्ण मौन धरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी तो वाढतो, तेव्हा मनानं घेऊ नका.

निवांत
वाफेत ओवा घातला तर?

स्वरोपचार
साधी वाफ.

तुटकी_तार
'झ' ११ आला. 'स' १९. शेवटच्या 'ऊ'ला हवाच आली, सूर नाही. उद्या तपासणीची वेळ घेतो. पण कार्यक्रमाचं काय? चार गाणी स्क्रीमवर आहेत.

ध्वनिफीत
बँडमध्ये अजून कोण आवाज काढतं?

तुटकी_तार
बासवाला खालचा ग्राउल (गुरगुरल्यासारखा खोल आवाज) काढतो, पण त्याचा आवाज फारच लहान आहे. माईकशिवाय ऐकूच येत नाही.

करकर
मग त्याला माईक द्या. तो बरोबर करतोय.