एक जीईएफ आणि चार जीएपी: सीडीसी-४२ च्या नियंत्रणाबद्दल प्रश्न

मुकुलन_अभ्यासक:
नमस्कार. पदव्युत्तर परीक्षेसाठी मी बेकरीच्या यीस्टमधील लहान जीटीपीएझ (जीटीपी हा फॉस्फेटयुक्त रेणू तोडून त्याचा जीडीपी करणाऱ्या) एन्झाइमांचा अभ्यास करत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. सीडीसी-४२ हे १९१ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन जीटीपी धरून असताना कार्यरत असते आणि जीडीपी धरून असताना निष्क्रिय, एवढे समजले. त्याला कार्यरत करणारे जीईएफ म्हणून सीडीसी-२४ हे एकच प्रथिन सांगितले जाते. निष्क्रिय करणारी जीएपी प्रथिने मात्र बीईएम-२, बीईएम-३, आरजीए-१ आणि आरजीए-२ अशी चार आहेत. चालू करायला एक आणि बंद करायला चार, ही व्यवस्था मला उधळपट्टीची वाटते. शिवाय जीएपी केवळ रोधक असतील, तर ती काढून टाकलेल्या पेशी अधिक जोमाने वाढायला हव्यात. प्रत्यक्षात त्या बेढब होतात. असे का होते, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

पेशीपटल:
आपला घोटाळा ‘चालू’ आणि ‘बंद’ या शब्दांनी केला आहे, असे मला वाटते. सीडीसी-४२ किती प्रमाणात कार्यरत आहे यापेक्षा ते कोठे कार्यरत आहे, हे यीस्टच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते, कारण कळी (जिच्यातून नवी पेशी बनते तो फुगवटा) एका वेळी एकाच जागी फुटायची असते.

आधी जीईएफचे पाहू. सीडीसी-२४ जीटीपी आणून बसवत नाही. ते फक्त सीडीसी-४२ ची खोबण सैल करून आतला जीडीपी निसटू देते, आणि पेशीत जीटीपी हा जीडीपीपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे रिकाम्या खोबणीत बहुधा तोच शिरतो. हे प्रथिन उष्णतेने निकामी होणारे उत्परिवर्ती यीस्ट ३६ अंश सेल्सिअसला वाढवले, तर केंद्रके विभागत राहतात, पेशी फुगून मोठ्या गोल होतात, पण कळी काही येत नाही. कार्यरत सीडीसी-४२ ला सीएलए-४ हे कायनेझ (फॉस्फेट चढवणारे एन्झाइम) चिकटते, सीएलए-४ ला बीईएम-१ हे सांधणारे प्रथिन आणि त्या बीईएम-१ ला पुन्हा सीडीसी-२४. त्यामुळे जेथे थोडेसे कार्यरत सीडीसी-४२ योगायोगाने जमले, तेथेच त्याला आणखी कार्यरत करणारे प्रथिन येऊन पोहोचते आणि तो ठिपका स्वतःच स्वतःला वाढवत नेतो.

असा ठिपका मोकळा सोडला तर पेशीच्या पटलभर, म्हणजे तिच्या आवरणभर, पसरेल. पाटाचे पाणी एका दारातून सोडतात, पण ते वाफ्यात राहावे म्हणून चारही बाजूंनी बांध घालावे लागतात. जीएपींचे काम मला त्या बांधांसारखे दिसते. सीडीसी-४२ स्वतःहून जीटीपी फार संथपणे तोडते. जीएपी आपले एक आर्जिनिन हे अमिनो आम्ल त्या खोबणीत सरकवते आणि तोडण्याचा वेग प्रचंड वाढतो, म्हणजे सीडीसी-४२ लवकर निष्क्रिय होते.

हे बांध एकमेकांची निव्वळ नक्कल नाहीत. आरजीए-१ नसलेल्या पेशीत नवी कळी पूर्वीच्या विभाजनाच्या खुणेच्या आतच उगवते, म्हणजे नुकतीच वापरलेली जागा बंद ठेवणे हे त्याचे खास काम आहे. बीईएम-३, आरजीए-१ आणि आरजीए-२ ही तिन्ही काढली, तर कळीच्या मानेभोवतीचे सेप्टिन या आधार देणाऱ्या प्रथिनांचे कडे नीट बसत नाही. त्या कड्यासाठी सीडीसी-४२ ने जीटीपी धरणे आणि तोडणे हे चक्र पुनःपुन्हा पूर्ण करावे लागते. नुसते जीटीपी धरून बसलेले सीडीसी-४२ तेथे पुरत नाही. म्हणूनच जीएपी काढलेल्या पेशी जोमदार न होता बेढब होतात.

किण्वघर:
वरील विवेचनाला वेळेची बाजू जोडावीशी वाटते. अगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीत जी-१ अवस्थेत, म्हणजे डीएनएची प्रत बनण्यापूर्वीच्या टप्प्यात, सीडीसी-२४ चा बराच भाग एफएआर-१ हे प्रथिन केंद्रकात धरून ठेवते, आणि सायक्लिन या जोडीदार प्रथिनासह सीडीसी-२८ हे पेशीचक्र पुढे नेणारे कायनेझ कार्यरत झाले की एफएआर-१ नष्ट होऊन सीडीसी-२४ बाहेर येते. मात्र एफएआर-१ वाचून राहणाऱ्या पेशींनाही कळ्या येतात, त्यामुळे यालाच वेळेची एकमेव किल्ली मानू नये. त्याच सुमारास आरजीए-२ वर फॉस्फेट चढवून त्याला आवर घातला जातो. म्हणजे दार उघडताना बांधही थोडा खाली केला जातो, आणि माझ्या मते हा भाग पाठ्यपुस्तकांत फारच त्रोटक येतो.

आपल्या यादीत जीडीआय हा नियंत्रक प्रथिनांचा तिसरा प्रकार राहून गेला आहे. आरडीआय-१ हे यीस्टमधील ऱ्हो कुळाचे (सीडीसी-४२ ज्यात मोडते त्या जीटीपीएझ कुळाचे) एकमेव जीडीआय सीडीसी-४२ ची मेदयुक्त शेपटी झाकून त्याला पटलावरून सोडवते. ते काढले तरी पेशी चांगल्या जगतात, पण ते फार अधिक प्रमाणात बनवले तर पेशी मरतात.

मुकुलन_अभ्यासक:
दोघांचे मनापासून आभार. सेप्टिनच्या कड्याचा मुद्दा माझ्या ध्यानात मुळीच आला नव्हता. हीच मांडणी आरएएस या दुसऱ्या लहान जीटीपीएझला लागू होते का?

पेशीपटल:
साचा तोच आहे, पण तेथे जागेपेक्षा पोषणाचा प्रश्न मोठा आहे. सीडीसी-२५ हे जीईएफ आणि आयआरए-१, आयआरए-२ ही जीएपी मिळून आरएएसमार्फत चक्रीय एएमपी या पेशीतील संदेशवाहक रेणूचे प्रमाण ठरवतात. आयआरए नसलेल्या पेशी अन्न संपले तरी थांबायची तयारी करत नाहीत: ग्लायकोजेन साठवत नाहीत आणि उष्णतेच्या झटक्याने सहज मरतात. १९९० मध्ये माणसातील न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ या मज्जातंतूंवर गाठी आणणाऱ्या आनुवंशिक आजाराचे जनुक सापडले, तेव्हा त्याच्या प्रथिनाचा एक भाग याच आयआरएशी जुळला, आणि तो भाग यीस्टमध्ये घातल्यावर आयआरएची उणीव भरून निघाली.