क्लासिक विनोदी बालपटांतला रडवणारा प्रसंग : तुमचा कोणता?

काल पुन्हा 'होम अलोन' लागला होता. घरात एकटा राहिलेल्या केविनने चोरांसाठी लावलेले सापळे सगळे पाठ आहेत, पण चर्चमधला शेजारचा म्हातारा मार्ले आला की हसू थांबतंच. तोवर त्याला फावडेवाला खुनी म्हणून रंगवलाय. तो केविनशेजारी येऊन बसतो, समोर त्याची नात गातेय, मुलाशी मात्र कित्येक वर्षं अबोला. केविनची भीती उडते आणि म्हाताऱ्याची कळते: मुलगा बोललाच नाही तर? प्रसंग लांबत नाही, कारण नऊला चोर यायचेत. सांगा तुमचे.

चकलीचा_साचा: 'द किड'. ट्रक. बास.

रिळवाला: चकली, एवढ्यावर सोडता? क्रम बघा की. चॅप्लिनने वाढवलेलं पोर अनाथाश्रमाच्या ट्रकमध्ये हात पसरून रडतंय, चॅप्लिन पोलिसाच्या हातून निसटून छपरांवरून धावतो, ट्रकमध्ये उडी, अधिकाऱ्याला ढकलतो, पोराला कवटाळतो. मग ड्रायव्हर त्याला बघून पळत सुटतो आणि चॅप्लिन जागच्या जागी पाय आपटून पाठलागाचं सोंग करतो! डोळे पुसायलाही सवड नाही.
मुलांना दाखवणार असाल तर आधी प्रत तपासा. 1921ची मूळ सुमारे 68 मिनिटांची. 1971ला चॅप्लिनने स्वतः कापून, स्वतःचं संगीत घातलेली 53च्या आसपास. कात्री मुख्यतः आईच्या प्रसंगांना लागली. दुसरं म्हणजे वेग. मूकपट बहुधा सेकंदाला 24 चौकटींपेक्षा कमी वेगाने घेतलेले असतात. सरसकट 24ने चालवले की रडणारं पोर कळसूत्री बाहुलीसारखं फडफडतं आणि मुलं भलत्या जागी हसतात. वर कुणीतरी उडत्या चालीचा पियानो चिकटवला असेल तर ती प्रत सोडाच.

उगाच_आगाऊ: ते पोर म्हणजे जॅकी कूगन, त्याला रडवलं त्याच्या बापानेच. रडला नाहीस तर खरंच वर्कहाउसात (गरिबांना ठेवून कामाला लावायची जागा) धाडीन म्हणाला. चॅप्लिनच्या आत्मचरित्रात आहे. पुढे आई आणि सावत्र बापाने त्याची कमाई उडवली, 1938ला खटला, 1939ला कॅलिफोर्नियात बालकलाकारांसाठी कायदा.

चकलीचा_साचा: अरे देवा 😐 आता तो सीन धड बघवणार नाही. कुकर लावलाय, येते.

पावशेर: 'अप' या अॅनिमेशनपटाची सुरुवात. नवराबायकोचा अख्खा संसार चारेक मिनिटांत, संवाद शून्य. सहलीच्या पैशांची बरणी दरवेळी फुटते: टायर, मोडलेला पाय, घरावर पडलेलं झाड. तिन्ही खर्च आपल्याकडच्यासारखेच, म्हणून लागतं. चाल एकच, आधी नाचरी, शेवटी एकट्या पियानोवर हळू.

रिळवाला: 2009चा क्लासिक?

पावशेर: तेव्हाची पोरं नोकरीला लागली, झालाच की.

उगाच_आगाऊ: 'होम अलोन'मधला पोल्का (नाचाचं संगीत) वाजवणारा बँडवाला विसरलात. केविनची आई रडवेली, आणि हा तिला धीर द्यायला सांगतो की मी पोराला दिवसभर प्रेताजवळ विसरलो होतो 😂 ती भूमिका करणाऱ्या जॉन कँडीने ते सगळं काम एका दिवसात उरकलंय.

चकलीचा_साचा: आले. तीन शिट्ट्या झाल्या. 'द किड'ची ती 68 मिनिटांची प्रत कुठे मिळेल?