१२० अँपिअरचा अल्टरनेटर बसवूनही बॅटरी उतरते. आता काय बदलू?

तासगाव_पिकअप
राम राम मंडळी. पिकअपवर द्राक्षांसाठी इन्सुलेटेड बॉक्स आणि १२ व्होल्टचं कूलिंग युनिट आहे, माल वाशीला जातो. युनिट ४८ अँपिअर खेचतं. मूळच्या ७५ च्या जागी १२० अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) टाकला. बेल्ट, पुली, वायर जुन्याच. आनेवाडी टोलला किंवा खंबाटकीत रांगेत अडकलं की बॅटरीवर १२.१ व्होल्ट दिसतात. रात्री डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा अगदी मंद लाल दिसतो, रेस दिली तरी पुरता विझत नाही. वायरमन म्हणतो अल्टरनेटरच डुप्लिकेट आहे. बॅटरी नवी आहे.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक
दादा, अजून काही खोलू नका. इंजिन १५०० आरपीएमला धरा. कूलिंग, हाय बीम, ब्लोअर सगळं चालू. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून आधी बी-प्लसचा बोल्ट (अल्टरनेटरचा करंट जिथून बाहेर पडतो तो) ते अल्टरनेटरची बॉडी मोजा, नंतर बॅटरीच्या दोन खांबांवर. खांबावर म्हणजे शिशावर, क्लिपवर नव्हे. मग बी-प्लस ते बॅटरीचा प्लस (०.३ च्या आत हवं) आणि शेवटी बॉडी ते बॅटरीचा मायनस (०.२ च्या आत). डीसीचा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून अँपिअर मोजणारा) मिळाला तर बी-प्लसच्या वायरला लावा.

आणि कुणी सांगितलं तरी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं, अल्टरनेटरमधले डायोड (एसीचं डीसी करणारे) नाहीतर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो.

तासगाव_पिकअप
मापं घेतली. अल्टरनेटरवर १४.२, बॅटरीवर १२.६. प्लसच्या बाजूला १.१, मायनसच्या बाजूला ०.५. क्लॅम्प मीटर ७८ अँपिअर दाखवतो. वायर १० चौरस मिमीची, साधारण २ मीटर.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक
मग अल्टरनेटरला कशाला दोष? १४.२ व्होल्टला ७८ अँपिअर देतोय. तुमच्या अल्टरनेटरचा कटआउट (व्होल्टेज रेग्युलेटर) स्वतःच्या बोल्टवरचं व्होल्टेज बघतो. तिथे १४.२ दिसले की त्याच्या लेखी काम झालं. बॅटरीला वाटेत १.६ कमी पोचले हे त्याला कळतच नाही. दिव्याचं कोडंही इथेच सुटतं. दिव्याचं एक टोक अल्टरनेटरकडे, दुसरं चावीमार्गे बॅटरीकडे. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज असेल तरच तो विझणार.

आता हिशोब बघा. १० चौरस मिमी तांब्याची २ मीटर वायर ७८ अँपिअरला पाव व्होल्टच्या थोडं वर खाते. उरलेले ०.८ थिंबल (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) आणि फ्यूज होल्डरमध्ये जातात. ७८ गुणिले ०.८ म्हणजे ६० वॅटच्या वर, हेडलाइटचा एक बल्ब त्या बोटभर जागेत जळतोय. थिंबलवरची स्लीव्ह काळी, कडक झालेली असणार. थिंबल चिमट्याने दाबून वर शिसं ओतलेलं असेल तर नक्कीच.

३५ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड वायर घ्या, थिंबल हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घ्या, १५० अँपिअरचा बोल्टवाला फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. तेवढ्याच जाडीची दुसरी वायर अल्टरनेटरच्या बॉडीवरून थेट बॅटरीच्या मायनसला. ब्रॅकेटखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू लागू द्या. काम करताना आधी मायनस काढा, जोडताना शेवटी.

कराड_डिझेल
वायरचं बरोबर आहे, पण आयडलचा (गाडी उभी, इंजिन चालू असतानाचा) प्रश्न त्याने पुरा सुटणार नाही. पाटीवरचा १२० हा अल्टरनेटर ६००० आरपीएमला फिरतानाचा आकडा. क्रँक पुली १६० मिमी आणि अल्टरनेटरची ६६ धरली तर ८०० च्या आयडलला तो १९४० च्या आसपास फिरतो. तिथे ५०–५५ अँपिअर मिळाले तरी खूप. तुमचं युनिट, दिवे, ब्लोअर मिळून ७० च्या घरात. तूट बॅटरीच भरणार.

बेल्टही बघा. १२० अँपिअर काढायचे तर इंजिनकडून ४ हॉर्सपॉवर लागतात. बेल्टच्या कडा काचेसारख्या चमकत असतील, पुलीजवळ काळी भुकटी असेल तर तो घसरतोय. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १०–१२ मिमी दबावा. जास्त ताणाल तर बेअरिंग जाईल. अल्टरनेटर जास्त फिरावा म्हणून त्याला ५६ मिमीची पुली टाकतात काही जण, पण तिच्यावर बेल्टची पकड आणखी कमी. एकेरी व्ही-बेल्टवर मी नाही सुचवणार. आयडल ९५० करा. डिझेल पंप मेकॅनिकल असेल तर स्क्रूने, कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन) असेल तर स्कॅनरने.

तासगाव_पिकअप
वायरी बदलल्या. जुनं थिंबल हाताने ओढलं तर वायरीतून सुटून आलं, आत सगळं हिरवं. आता १५०० ला प्लस ०.१८, मायनस ०.०७, बॅटरीवर १३.९. दिवा विझला. बेल्टच्या कडा चमकत होत्या, नवा टाकला. आयडल ९५० ला सगळं चालू ठेवून १३.४.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक
उत्तम. आता मीटर एसीवर लावून बॅटरीवर बघा. ०.५ च्या वर दाखवलं तर डायोड प्लेट तपासून घ्या. इतके दिवस अल्टरनेटर तापलाय. आणि नवा बेल्ट दोनेकशे किलोमीटरनंतर परत ताणा, तो सैल पडतोच.