कळत्या वयात पहिल्यांदाच देशात येणारी मुलं : आधी ताज की आधी वेरूळ?

निफाडची मावशी

बहीण बावीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेली. डिसेंबरात ती मुलांना घेऊन येतेय. भाचा सोळाचा, भाची बाराची. याआधी आली तेव्हा दोघंही कडेवर होती. फिरायला हातात दहा दिवस. मेहुण्यांनी दिल्ली, आग्रा, जयपूर अशी तिकिटं बघायला घेतली आणि घरच्या ग्रुपवर मी एकटीच आडवी आले. माझं ठाम मत आहे की आपल्या देशात पाहायलाच हवं असं एकच ठिकाण निवडायचं झालं, तर ते वेरूळचं कैलास लेणं.

सातवीत शाळेच्या सहलीतून गेले होते तेव्हा अर्ध्या तासात बाहेर. बाईंचा सगळा वेळ मुली मोजण्यात गेला. लक्षात काय राहिलं, तर हत्ती. चाळिशीनंतर पुन्हा गेले, दुपारी दोनला आत शिरले आणि पाचपर्यंत अंगणातच बसले. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे. ऊन कलायला लागलं की तोवर काळा वाटणारा दगड तांबूस होतो आणि एकेक मूर्ती पुढे येते. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. खाली त्याची सगळी ताकद पणाला लागलेली, वर पार्वतीने शंकराचा दंड धरलेला. त्याच्यासमोर मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही.

मग बाजूच्या वाटेने डोंगरावर चढून वरून पाहिलं, तेव्हा खरा उलगडा झाला. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, माणसांनी इथे उभं राहून खाली खणायला सुरुवात केली. आधी शिखर, पाया सगळ्यात शेवटी. सुमारे शंभर फूट खोल. एक टवका चुकीचा उडाला तर तो परत चिकटवायची सोय नाही. मुलांनी हे वरून बघावं, मग खाली उतरावं. दुसऱ्या दिवशी अजिंठा, तिसऱ्या दिवशी लोणार. आग्रा पुढच्या खेपेला.

खानदेशी

मावशी, वेरूळबद्दल लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द मान्य. "आग्रा पुढच्या खेपेला" हे अजिबात मान्य नाही. पुढची खेप कधी? मुलगा सोळाचा आहे. दोन वर्षांत कॉलेज, मग नोकरी. माझ्या चुलतभावाची मुलं अशीच "पुढच्या वेळी" करता करता तिशीला आली.

आणि ताज आपला नव्हे, तिकडचा, असा सूर मला या वादात नेहमी ऐकू येतो. ताजची गोष्ट सुरू कुठे होते? आमच्या तापीकाठी. १६३१ साली मुमताज गेली ती बऱ्हाणपुरात. तिला आधी दफन केलं ते नदीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत. भुसावळहून बऱ्हाणपूर किती लांब आहे? आमच्याकडच्या कित्येक घरांच्या सोयरिकी तिथल्या. आणि ताजचा कारागीर मानला जातो त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा अताउल्ला, त्याचं नाव संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या दारावर कोरलेलं आहे. बाप आग्र्यात, मुलगा मराठवाड्यात. यात तुमचं आमचं कुठे वेगळं काढणार?

वडील रेल्वेत होते. पासावर आम्हाला आग्र्याला नेलं, मी दहा वर्षांचा असेन. गर्दी होतीच, मीही त्या गर्दीतच होतो. पण दरवाज्यावरची अक्षरं दाखवून वडिलांनी विचारलं, "वरची आणि खालची सारखीच दिसतात ना?" मी हो म्हणालो. तर वरची मोठी कोरली आहेत, खालून बघणाऱ्याच्या डोळ्यांना सारखी दिसावीत म्हणून. चारही मिनार किंचित बाहेर झुकलेले आहेत हेही त्यांनीच दाखवलं. पुढे मी बांधकामाच्या धंद्यात आलो त्याची सुरुवात त्या दिवसाची आहे. त्या वयात ताज पाहिलेलं मूल वेगळं होतं, माझा अनुभव आहे.

पठारावरची

मी साताऱ्याची. माझा विरोध दोघांनाही आहे, आणि तो "पाहायलाच हवं" या शब्दांना आहे. असल्या याद्यांनी एखाद्या जागेचं काय होतं ते मी आमच्या कास पठारावर पाहिलंय. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात गेली, त्यात कास. त्यानंतर सप्टेंबरातल्या रविवारी आमच्या घाटात गाड्यांची रांग हलेना. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी हे सगळं मागाहून आलं.

कासची माती म्हणजे जांभ्यावर बोटभर थर. त्यात वायतुरा नावाचं फूल येतं, ते सह्याद्रीची पठारं सोडून जगात कुठे उगवत नाही. सीतेची आसवं येतात, ती एवढीशी निळी फुलं कीटक खाऊन जगतात, कारण त्या मातीत खायला काही नाहीच. फोटोसाठी एक पाऊल आत पडलं तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवेल याची खात्री नसते. लहानपणी आम्ही आजोबांबरोबर गुरांच्या वाटेनं जायचो. फुलांची नावं त्यांनी सांगितली. कुठल्याही यादीत नाव नव्हतं तेव्हा ते पठार आमच्यासाठी होतं आणि गुरांसाठीही होतं.

मुलांना तुमच्याच गावची एक टेकडी दाखवा. तिच्यावर तीन दिवस जाऊ द्या.

वाघूरकाठ

ताई, तुमचं दुःख कळतं, पण नाव लपवून जागा वाचत नाही. व्यवस्था करून वाचते. कासलाच बघा, आज तिकीट कोण फाडतं? कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांच्या समित्या. आणि गुरांचं तुम्हीच बोललात. पठाराला कुंपण घातलं, गुरं बंद झाली, गवत माजलं आणि फुलं कमी व्हायला लागली. शेवटी कुंपण काढायची वेळ आली.

मी अजिंठ्याच्या पायथ्याचा. आमच्याकडे खासगी गाड्या फर्दापूर फाट्यालाच थांबतात, पुढे बसने जावं लागतं. सुरू झालं तेव्हा सगळे कुरकुरले, आमच्या घरातलेसुद्धा. आज दरीत हॉर्न वाजत नाही, वाघूर नदीला पाणी असेल तर ते ऐकू येतं. पहिल्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर झगझगीत दिवा नसतो, फ्लॅश चालत नाही. आधी काहीच दिसत नाही. दोन मिनिटं गप्प उभं राहिलं की भिंतीतून हळूहळू तो चेहरा वर येतो. पाचव्या शतकातल्या माणसाने पणतीच्या किंवा परावर्तित उजेडात तो रंगवला असेल, तर आपण दोन मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

मावशी, एक विनंती. लेणी आणि लोणार मिळून तीन दिवस फार घाईचे. संभाजीनगरहून अजिंठा शंभर किलोमीटर, लोणार दुसऱ्याच दिशेला दीडशेच्या आसपास. लोणारला तर विवरात उतरायचं, गोमुखाजवळ थांबायचं, दैत्यसूदनाचं देऊळ बघायचं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा वरच्या कठड्यावरून फोटो काढून लोक निघून गेले. खारटपणा वाढला आणि मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, हे किती जणांनी समजून घेतलं? उल्का पडून बेसॉल्टच्या काळ्या खडकात झालेलं एवढं जपलेलं विवर जगात विरळा. तिथे पळापळ करू नका.

शिलाँगचा पाहुणा

नोकरीमुळे सहा वर्षं मेघालयात आहे, मूळचा कराडचा. एक गोष्ट खटकते. विषय देशाचा आहे आणि आपलं बोलणं आग्र्याच्या पुढे जात नाही. हंपी नाही, कोणार्क नाही, तंजावर नाही. तंजावरला तर भोसल्यांनी राज्य केलं, तिथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर त्यांचा मराठी शिलालेख आहे, तरी तेही आपल्याला आठवत नाही.

माझ्या मते सोळा वर्षांच्या मुलाला नोंगरियाटचा दुमजली पूल दाखवावा. सोहरा म्हणजे चेरापुंजीजवळ तिर्ना गावातून तीन हजारांवर पायऱ्या उतरायच्या. खाली ओढ्यावर रबराच्या झाडाची मुळं एकमेकांत गुंफून केलेला पूल. खासी लोक कोवळी मुळं सुपारीच्या पोकळ खोडातून पलीकडे नेतात. माणूस निर्धास्त चालू शकेल इतकं मूळ जाड व्हायला कित्येक वर्षं लागतात. जो लावतो तो बहुधा नातवासाठी लावतो. वेरूळ आणि ताज केव्हाच पुरे झाले. हा पूल अजून वाढतोय, आणि ज्यांनी बांधला त्यांची पोरं शाळेला त्याच्यावरून जातात. आपल्या देशाबद्दल मला याहून मोठं काही दाखवता येणार नाही. डिसेंबरात इथे पाऊसही नसतो.

निफाडची मावशी

तंजावरचं वाचून मला खरंच वाईट वाटलं, मी विचारच केला नव्हता. मेघालय या दहा दिवसांत बसणार नाही, सत्तरीच्या आई बरोबर आहेत. वाघूरकाठ, त्यांना अजिंठ्याच्या पायऱ्या जमतील का?

खानदेशी, तुमच्या वडिलांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. तरीही मी मागे हटत नाही. ताजसमोर मूल थक्क होईल, मान्य. पण ते चित्र त्याने आधीच हजारदा पाहिलेलं आहे, अमेरिकेतल्या प्रत्येक भारतीय हॉटेलच्या भिंतीवर. कैलासाचं चित्र काढताच येत नाही. कितीही मागे सरका, तो एका नजरेत मावत नाही. माझ्या भाच्याला पहिल्यांदा असं काही भेटावं, ज्याची त्याला आधी कल्पनाच नाही.

खानदेशी

चित्र हजारदा पाहिलेलं असणं आणि यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून संध्याकाळी तो पाहणं, यात फार अंतर आहे. पण तुमचं पटलं नाही तरी तुम्ही असं करा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, ताज शुक्रवारी. म्हणून बुधवारी वेरूळ, गुरुवारी अजिंठा, आणि लेण्यांतून परत संभाजीनगरला न जाता तसेच जळगावकडे उतरा, साठेक किलोमीटर. भुसावळला मध्यरात्रीनंतर पंजाब मेल मिळते, ती थेट आग्र्याला जाते. शुक्रवार गाडीत आणि विश्रांतीत जाईल, शनिवारी पहाटे ताज. वाटेत बऱ्हाणपूर लागतं, अंधारात. मुलं जागी असली तर खिडकीतून तेवढं दाखवा.

वाघूरकाठ

मावशी, आईंसाठी पायथ्याला डोलीवाले असतात, चार माणसं उचलून नेतात. दर आधी ठरवून घ्या. आणि सकाळी उघडता उघडता या, दहानंतर पहिल्या लेण्यापुढे रांग लागते.

पठारावरची

मी अजूनही म्हणेन, टेकडीचा एक दिवस त्यात ठेवा. निफाडहून चांदवडचा डोंगर लांब नाही.