आईच हवी? मग बाकीचे घरात कशाला असतात?

साखरपेठकर: काल इथं पोस्ट पडली : 'तीन वर्षांपर्यंत मूल आईनंच सांभाळावं. पाळणाघरात टाकायचं तर जन्माला का घालता?' मालक, सोलापूरच्या पूर्व भागात कधी फिरलात का? आमची आई दिवसभर घरीच असायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, डोक्यात हजार विड्यांचा हिशेब. कारखान्यात माल छाटला की पैसे गेले, त्यामुळं मान वर करायची सोय नाही. मला भरवलं, बोलायला शिकवलं ते अव्वानं, म्हणजे आजीनं. ओल्या फडक्यात पानं गुंडाळता गुंडाळता माझ्या प्रत्येक 'हे काय?'ला ती तेलुगूत उत्तर द्यायची. पोरानं हाक मारली की ओ देणारं रोजचं माणूस लागतं. आजी असो, बाप असो. बाप तर त्या पोस्टमध्ये औषधालासुद्धा नाही!

जुळे सोलापूर: पोस्ट माझीच. तुमच्या नशिबात अव्वा होती. आता पोरं-सुना पुण्यात आणि आजी इथं कुलपं सांभाळतीय. राहिलं पाळणाघर. माझी पुतणी होती एका ठिकाणी. बाई एक, पोरं डझनभर, समोर टीव्ही. संध्याकाळी घरी आणली तर सकाळचंच डायपर. कातडी सोलली होती लेकराची. मला शिकवू नका.

होटगी रोडची ताई: वाईट पाळणाघर बघितलं म्हणून आईला घरात कोंडायचं? २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची आहे. घरात विड्या वळणारीला त्याचा काय उपयोग, ते वेगळंच. आणि पाण्याच्या दिवशी तर आमच्याकडे आईही नसते, बापही नसतो. सगळे मोटर, पाइप, बॅरलच्या मागं. पोरगं पलंगावर, हातात मोबाईल.

विजापूर रोड: आलं पाणी! उजनी धरण भरलं तरी नळाला काही दिवसांआड, आणि जलवाहिनीच्या गप्पा ऐकून कान किटले.

जुळे सोलापूर: काका, प्रत्येक धाग्यात उजनी आणलीच पाहिजे का? विषय मुलांचा आहे.

विजापूर रोड: मुलांचाच आहे! शेजारचं दीड वर्षाचं पोर उघड्या बॅरलमध्ये डोक्यावर गेलं होतं. घरात चार मोठी माणसं, चौघंही नळावर. मी पाय धरून ओढलं. सांगा आता, कुणी सांभाळायचं होतं?

होटगी रोडची ताई: बाप रे. झाकण नव्हतं?

विजापूर रोड: झाकण काढून खाली ठेवलेलं, त्यावर घागर ठेवून पाणी भरत होते. रात्री दोनला पाणी सोडतात, झोपेत कुणाला भान असतं?

अंगणवाडीवाली: दोन मिनिटं इकडं पण बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते पोरांच्या अंगणात जाऊन. आम्ही मोबाईलमध्ये माहिती भरतोय. वजन घ्या, उंची घ्या, फोटो टाका. पोरांशी बोलू कधी? आणि तीन वर्षांच्या आतली पोरं आमच्याकडे बसत नाहीतच, त्यांचा आहार घरी जातो. भांडताय त्याच वयाला दिवसभर ठेवायला जागा नाही.

जुळे सोलापूर: बरं बाई. 'आईनंच'च्या जागी 'घरातल्या ठरलेल्या माणसानं' करतो. पाळणाघराचं वाक्य मात्र काढणार नाही.

साखरपेठकर: उपकार झाले. बापाचं काय?

जुळे सोलापूर: बाप कामाला जातो हो.

साखरपेठकर: आणि आमची आई सुपात खेळत होती काय?

विजापूर रोड: भांडणं होत राहतील. आज कुठल्या भागात पाणी आहे, कुणी सांगेल का?